अंडं घालणारी आणि दूध पाजणारी

आज सकाळपासून पाऊस जरा उघडलाय, म्हणजे बऱ्याच जणी आवणीला गेल्या असणार. बांधावर रेडिओ लावून ऐकणाऱ्यांना आणि घरी चुलीपाशी बसून ऐकणाऱ्यांनाही राम राम. मागच्या वेळी मी म्हटलं होतं की या खेपेला भातावरच्या किडीबद्दल बोलू. ते पुढच्या वेळी नक्की. आज मला आधी माझी एक चूक दुरुस्त करायची आहे.

झालं असं. शेंडीच्या अलीकडच्या एका वाडीत मी बाळंतिणीला बघायला गेले होते. तिसरी मुलगी झालेली. बाळ गुटगुटीत, पण घरात कुणाच्या तोंडावर हसू नाही. पडवीत सासूबाई, म्हणजे आजी, तांदूळ निवडत होत्या. तशा भल्या बाई, सुनेला बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच केले होते. पण मला बघून म्हणाल्या, "तिसरीबी पोरगीच दिली हिनं." आणि सूनबाई आत भिंतीकडे तोंड करून पडलेली. उशाशी कागदाची एक पुडी होती. मुलगा होण्यासाठी कुणीतरी दिलेली. पुढच्या वेळेसाठी!

आता मी विज्ञानाची शिक्षिका. मी काय गप्प बसते? तिथंच पाटावर बसले आणि आजींना सगळं सांगितलं. मुलगा होणार की मुलगी, हे आईच्या हातात नसतं. आईच्या अंड्यात दर वेळी एकच जातीचं गुणसूत्र असतं, एक्स. बापाच्या शुक्रजंतूंत निम्म्यांत एक्स असतं, निम्म्यांत वाय. एक्सवाला आधी पोचला तर मुलगी, वायवाला पोचला तर मुलगा. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग अंगणातल्या कोंबड्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मंग कोंबडीचं बी तसंच का? पिल्लू तलंग व्हणार का कोंबडा, ते कोंबडा ठरवितो?"

मी म्हटलं, "हो आजी, सगळीकडे तसंच."

घरी येईपर्यंत मला कळलं होतं की मी चुकीचं बोलले. आणि अशा बाईला बोलले की जिला कोंबड्यांतलं माझ्यापेक्षा चारपट कळतं. पुस्तकं काढली, माझ्या एका विद्यार्थिनीला कॉलेजातून माहिती आणायला लावली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्या घरी गेले. त्या दिवशी जे बोलणं झालं तेच आज तुम्हाला सांगते, थोडं वाढवून.

आधी माणसाचं नीट सांगते, कारण ते बरोबरच होतं. आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यांना आपण वह्या म्हणू. पाककृतींच्या वह्या. आईकडून २३ आणि बापाकडून २३, अशा जोड्या लागतात. प्रत्येक वहीत कृती लिहिलेल्या: रक्त कसं गोठवायचं, डोळ्याला रंग कसा दिसायचा, स्नायू कसा बांधायचा. एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. बावीस जोड्या बाईच्या आणि पुरुषाच्या सारख्याच. तेविसाव्या जोडीत फरक. बाईकडे एक्स नावाची जाडजूड वही दोनदा. पुरुषाकडे एक जाड एक्स आणि एक पातळ वाय. एक्समध्ये आठशे-नऊशे कृती आहेत, वायमध्ये त्याहून कितीतरी कमी.

हे शोधून काढण्यात एका बाईचा मोठा हात आहे. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स. पैसे साठवत, शाळेत शिकवत, वयाच्या पस्तिशीनंतर त्या विद्यापीठात शिकायला गेल्या. १९०५ साली पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. मादीत वीस मोठी गुणसूत्रं, नरात एकोणीस मोठी आणि एक चिमुकलं. ते चिमुकलं ज्या शुक्रजंतूत, त्याचा नर होतो. त्याच सुमाराला विल्सन नावाच्या शास्त्रज्ञांनाही असंच दिसलं. त्याआधी मोठमोठे पंडित म्हणत असत की आईचं खाणं, हवामान, ऊबदारपणा यावर मुलगा-मुलगी ठरतं. म्हणजे बोल पुन्हा आईलाच.

शंभर वर्षं होऊन गेली तरी ती पुडी उशाशी असते. आपल्याच महाराष्ट्रात १९८८ साली गर्भलिंग तपासणीवर कायदा झाला, देशातला पहिला. मग १९९४ साली सगळ्या देशासाठी झाला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या त्याहूनही कमी. आणि त्याच २०११ साली साताऱ्यात अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला, कारण त्या सगळ्यांचं नाव होतं नकुशी. नको असलेली. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, तुमच्यातल्या कित्येकींना ठाऊक आहे.

एक खुलासा. बापाकडून ठरतं म्हणजे बापाचा दोष, असं मी म्हणत नाही. त्यालाही निवडता येत नाही. कोणती पुडी खाऊन कोणता शुक्रजंतू पुढे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही.

आता कोंबडी. इथं मी आजींना चुकीचं सांगितलं होतं. पक्ष्यांमध्ये उलटा कारभार आहे. कोंबड्याकडे एकसारख्या दोन वह्या असतात, त्यांना झेड म्हणतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक लहानगी डब्ल्यू. म्हणजे कोंबड्याचे सगळे शुक्रजंतू सारखेच, आणि फरक आहे तो कोंबडीच्या अंड्यात. पिल्लू कोंबडा होणार की तलंग, हे कोंबडीकडून ठरतं. आणि अंड्यावर कवच चढण्याच्याही आधी ठरलेलं असतं. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून कोंबडी, असं आपल्याकडे म्हणतात, त्यात काही तथ्य नाही. आजींनी हे मान्य केलं नाही. त्या म्हणाल्या, मी निवडून अंडी बसविते. मी म्हटलं, या खेपेला खुणा करून बसवा. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

मग आजींचा पुढचा प्रश्न. बाई दूध पाजते, गाय दूध पाजते, त्यांच्यात बापाकडून. कोंबडी अंडं घालते, तिच्यात आईकडून. "मंग अंडं बी घाली आन दूध बी पाजी, असं जनावर असलं तर?"

मी थक्क झाले. कारण असं जनावर आहे! आणि शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न विचारला होता.

ऑस्ट्रेलियात आणि त्याच्या शेजारच्या न्यू गिनी बेटावर अंडी घालणारे सस्तन प्राणी राहतात. जगात त्यांच्या फक्त पाच जाती उरल्यात. एक प्लॅटिपस, त्याला मराठीत बदकचोच्या म्हणतात. बाकी चार एकिडना. एकिडना म्हणजे काय, तर आपल्या रानातलं साळिंदर छोटं करा, काटे आखूड करा, आणि खवल्या मांजरासारखं लांब तोंड आणि मुंग्या खाणारी जीभ लावा. प्लॅटिपस ओढ्या-नद्यांत राहतो, आपल्या प्रवरेसारख्या. अंगावर मऊ दाट केस, बदकासारखी चोच, पायाला पडदे. मादी काठच्या बिळात बहुधा दोन अंडी घालते, पोटाशी धरून दहाएक दिवस उबवते, आणि पिल्लं निघाली की तीन-चार महिने दूध पाजते. तिला आचळ नसतात. पोटाच्या कातडीतून दूध पाझरतं आणि पिल्लं ते चाटतात.

१७९८ च्या सुमाराला पहिल्यांदा त्याचं वाळवलेलं कातडं इंग्लंडला पोचलं. तिथल्या जॉर्ज शॉ या अभ्यासकाला वाटलं, कुणीतरी बदकाची चोच शिवून फसवतंय. मग अंडी घालतो की पिल्लं देतो, यावर ऐंशी-नव्वद वर्षं वाद. शेवटी १८८४ साली कॉल्डवेल नावाचे साहेब क्वीन्सलँडमध्ये नदीकाठी जाऊन राहिले. तिथल्या आदिवासींच्या मदतीने त्यांना एक मादी मिळाली, एक अंडं घातलेली आणि दुसरं अंडं यायच्या बेतात असलेली. लगेच तार केली, जगभर बातमी झाली. आता खरी गंमत अशी की तिथले आदिवासी हे कधीपासून सांगत होते. त्यांचं कोण ऐकतं! आपल्या घाटघर-रतनवाडीच्या आयाबायांना रानातलं काय काय माहीत असतं आणि ते कागदावर कधी येतं, हे तुम्हीच बघा.

तर या प्राण्याचं मुलगा-मुलगी कसं ठरतं? १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञ त्याची गुणसूत्रं मोजत होते आणि गोंधळत होते. जोड्याच लागेनात. २००४ साली उलगडा झाला. ते काम ऑस्ट्रेलियात फ्रँक ग्रुट्झनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांत जेनी ग्रेव्ह्ज या बाईही होत्या, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर आयुष्य घालवलेल्या. प्लॅटिपसच्या ५२ गुणसूत्रांपैकी दहा लिंग ठरवणारी निघाली. आपली दोन, त्याची दहा! नराकडे पाच एक्स आणि पाच वाय, मादीकडे पाच एक्सच्या पाच जोड्या. एकिडनाच्या नरात पाच एक्स आणि चार वाय, म्हणजे नऊ.

आता कल्पना करा. नराच्या शरीरात शुक्रजंतू तयार होताना ही दहा गुणसूत्रं हातात हात घालून रांगेत उभी राहतात. एक्स, वाय, एक्स, वाय अशी, एकाआड एक. आणि मग साखळी सुटताना सगळे एक्स एका बाजूला, सगळे वाय दुसऱ्या बाजूला. चुकून मिसळ झाली तर घोटाळा होईल, पण ती होत नाही. म्हणून शुक्रजंतूत एक तर पाचही एक्स असतात, नाही तर पाचही वाय. म्हणजे आजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: अंडं घालत असला तरी या प्राण्यात पिल्लाचं लिंग बापाकडूनच ठरतं. २०२१ साली प्लॅटिपस आणि एकिडना या दोघांच्या सगळ्या वह्या नीट वाचून झाल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी असाही अंदाज केला की फार पूर्वी ही रांग नव्हतीच, गोल फेर होता. पहिलीचा हात शेवटचीच्या हातात. कधीतरी एक हात सुटला आणि फेराची रांग झाली.

आणखी एक नवल. या पाच एक्सवर जे लिहिलंय ते आपल्या एक्सशी जुळतच नाही. आपल्या एक्सवरचं बरंचसं त्यांच्याकडे सहाव्या नंबरच्या साध्या वहीत सापडतं. त्यांच्या एक्समधले बरेच उतारे मात्र कोंबडीच्या झेडशी जुळतात. त्यात डीएमआरटी-१ नावाची एक कृती आहे. कोंबड्यांत तिच्या दोन प्रती असल्या की नर होतो, एक असली की मादी. प्लॅटिपसमध्ये तीच कृती मादीकडे दोनदा आणि नराकडे एकदाच! त्यामुळे ती तिथे काही हुकूम चालवत नसणार. आपल्याकडे मुलगा घडवणारं वायवरचं जनुक प्लॅटिपसकडे नाही, त्यांच्या वायवर दुसरंच एक जनुक ते काम करतं असं मानतात. त्यांची आणि आपली वाट सोळा ते एकोणीस कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. कळसूबाईचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे सह्याद्री तयार होण्याच्या कितीतरी आधी.

आता जरा अवघड भाग, पण स्वयंपाक येणाऱ्या बाईला तो अवघड नाही. मात्रेचा प्रश्न.

वहीतली कृती नुसती वहीत राहून उपयोग नाही. पेशी तिची चिठ्ठी उतरवून घेते आणि चिठ्ठीवरून पदार्थ शिजवते. पदार्थ म्हणजे प्रथिनं. दोन वह्यांतून चिठ्ठ्या निघाल्या की पदार्थ दुप्पट. आणि शरीरात पदार्थ दुप्पट होऊन चालत नाही, जसं आमटीत दोघींनी मीठ घातलं तर चालत नाही. एकविसाव्या नंबरची वही, सगळ्यांत लहान, ती दोनऐवजी तीनदा आली तर बाळाला डाउन सिंड्रोम होतो. एवढ्याशा वहीने एवढं होतं. मग बाईकडे एवढी जाड एक्स दोनदा आणि पुरुषाकडे एकदा, हे निभतं कसं?

१९६१ साली इंग्लंडच्या मेरी लायन यांनी याचं उत्तर दिलं, उंदरांच्या अंगावरचे ठिपके बघून. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुंडाळून माळ्यावर टाकलेली असते. आईच्या पोटात गर्भ अगदी लहान असतानाच हे होतं. कोणत्या पेशीत आईकडची वही बंद होईल आणि कोणत्या पेशीत बापाकडची, याला नियम नाही. एकदा बंद झाली की त्या पेशीच्या पुढच्या पिढ्यांतही तीच बंद राहते. म्हणून आपण सगळ्या बायका गोधडीसारख्या आहोत, काही ठिगळं आईची, काही बापाची. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर काळ्या-तांबड्या-पांढऱ्या तीन रंगांची मांजर बघा. ती जवळजवळ नेहमी मादीच असते. काळा आणि तांबडा रंग ठरवणारी जागा एक्सवर असते. काळ्या ठिगळात एक वही उघडी, तांबड्या ठिगळात दुसरी.

याचा फायदाही होतो. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा आजार एक्सवरच्या चुकीच्या कृतीमुळे होतो. मुलाकडे एकच एक्स, तीच बिघडलेली असेल तर तो आजारी. मुलीच्या साधारण निम्म्या पेशींत चांगली वही उघडी असते, त्यामुळे बहुतेक वेळा ती तरून जाते. पण माळ्यावरची वही अगदीच रद्दी नसते बरं का. काही कृती तिच्यातूनही उतरवल्या जातात. ज्या मुलींना जन्मतः एकच एक्स असते, साधारण दोन-अडीच हजार मुलींत एखादी, त्यांची उंची कमी राहते, पाळी बहुधा आपोआप येत नाही. त्याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. अशी मुलगी तुमच्या ओळखीत असेल तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, लहानपणीच उपचार सुरू केले तर उंचीला मदत होते. देवाधर्माला नेऊन वेळ घालवू नका.

ही झाली आपली तऱ्हा. कांगारूंमध्ये नेहमी बापाकडचीच एक्स बंद होते, तिथे सोडत नाही. फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांत तर भलतंच: मादी दोन्ही वह्या वापरते, आणि नर आपल्या एकट्या वहीतून दुप्पट चिठ्ठ्या काढतो. हे दाखवण्यात आपल्या देशातले मुखर्जी यांचं १९६५ सालचं काम फार मोलाचं मानलं जातं.

आणि प्लॅटिपस? त्याच्या मादीकडे पाच एक्सच्या जोड्या, म्हणजे मात्रेचा प्रश्न आपल्याहून मोठा. सगळ्यांना वाटलं, इथेही एकेक वही माळ्यावर जात असेल. पेशी पाहिल्या तर तसं दिसेना. पूर्ण वही बंद अशी कुठेच नाही. एखादी कृती एका पेशीत दोन्ही वह्यांतून उतरवलेली, शेजारच्या पेशीत एकाच वहीतून. प्रत्येक कृतीचं आपलं वेगळं. मादीच्या चिठ्ठ्या नराहून जास्तच निघतात. कोंबड्यांतही तसंच, तिथे कोंबड्याच्या झेडवरच्या चिठ्ठ्या जास्त. बरीच वर्षं शास्त्रज्ञ म्हणायचे की या प्राण्यांत मात्रेची भरपाई अपुरीच आहे, त्यांचं कसं तरी चालतं.

मग २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या मोजायच्या सोडून शिजलेले पदार्थ मोजले. कोंबडीत आणि प्लॅटिपसमध्ये, दोन्हींत. चिठ्ठ्या कमी-जास्त, पण पदार्थ नर-मादीत बऱ्याच अंशी सारखे! म्हणजे वही बंद करण्याऐवजी चुलीपाशी हिशेब जमवला जातो. चिठ्ठ्या जास्त आल्या तरी शिजवायचं तेवढंच. मला हे वाचून आमच्या आईची आठवण झाली. घरात शिधा किती आला यावर तिचं वाढणं कधी ठरत नसे, खाणारी तोंडं किती यावर ठरत असे.

हे सगळं मी आजींना सांगितलं. एवढं नाही, पण बरंचसं. वह्या, चिठ्ठ्या, माळा. सूनबाई बाळाला घेऊन दारात येऊन बसली होती. मध्येच तिने विचारलं, "म्हणजे बाई, हिच्यात निम्मं त्यांचं आहे?" म्हटलं, निम्मं त्यांचं आणि निम्मं तुझं, आणि ती त्यांच्याकडची एक्स तुझ्या सासूबाईंची आहे. कारण मुलाला एक्स येते ती आईकडूनच. तुझ्या नवऱ्याची एक्स आजींकडून आली, आणि तीच त्याने तिन्ही पोरींना दिली. नातवाला ती मिळालीच नसती. आजी काही बोलल्या नाहीत. बाळाला मागून घेतलं आणि त्याचे कान बघत बसल्या. मग म्हणाल्या, "कान माह्यावानीच हायेत." कानाचं असं एका एक्सवरून ठरत नाही, पण त्या वेळी मी दुरुस्ती केली नाही. एक चूक तशीच राहू द्या म्हटलं.

पुडी चुलीत गेली का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

कोंबडीचं मात्र सांगते. आजींनी खुडूक कोंबडीखाली चौदा अंडी बसवली, सात टोकदार कोळशाने खूण करून, सात गोल बिनखुणेची. पिल्लं निघाली बारा. खुणेच्या अंड्यांतल्या पिल्लांच्या पायाला आजींनी लाल दोरा बांधला. मी मागच्या आठवड्यात गेले तेव्हा तुरे दिसायला लागले होते. लाल दोऱ्याची सहा, त्यांत कोंबडे तीन आणि तलंगा तीन. बिनदोऱ्याच्या सहांत कोंबडे दोन, तलंगा चार. आजी म्हणाल्या, पावसाळ्याची अंडी हायेत, उन्हाळ्यात पुन्हा बसवून बघते.

आणि निघताना त्यांनी विचारलं, त्या बदकचोच्याचं दूध कुणी काढतं का, आणि त्याला विरजण लागतं का. याचं उत्तर शोधून ठेवते. पुढच्या बुधवारी भातावरची कीड, नक्की.